ड्रममधून पाणी मॉडेलच्या निम्मंच का निघतं? (काळी माती, निचरा, रिचर्ड्स समीकरण)

निफाडची_लेक

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण आकडे सगळे देते, म्हणजे कुणाला नीट सांगता येईल.

मी नाशिकला सिव्हिलमध्ये एम.टेक. करतेय, घर निफाड तालुक्यात. अण्णांची दोन एकर द्राक्षबाग आहे. मध्यम काळी जमीन, पाऊण मीटरवर मुरूम. गेल्या ऑक्टोबरात छाटणीला वीस दिवस झाले होते आणि परतीच्या पावसाने गाठलं. पाऊस थांबला, पण पुढचे पाच दिवस ट्रॅक्टर बागेत घालता आला नाही. फवारणीचा ब्लोअर दारात उभा, औषध आणून ठेवलेलं, आणि चाकं ओळीच्या तोंडाशीच रुतत होती. सहाव्या दिवशी पानांवर डाऊनी रोगाचे तेलकट डाग दिसले. अण्णा रोज पहाटे मूठभर माती उचलून दाबून बघायचे आणि म्हणायचे, "वाफसा नाही अजून." मी प्रोजेक्टला हाच विषय घेतला: पाऊस थांबल्यावर वाफसा (माती ओलसर, पण चिकटत-रुतत नाही अशी अवस्था) किती दिवसांनी येईल, हे हिशेबाने आधी सांगता येतं का?

शेतात जाण्याआधी घरी प्रयोग केला. दोनशे लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम, आतला व्यास 57 सेंमी. तळाला भोक पाडून तोटी बसवली. खाली 6 सेंमी खडी, तिच्यावर जाळी, आणि वर बागेतली माती 60 सेंमी, थर देऊन भरलेली. मातीच्या तपासणीत चिकणमाती 34 टक्के, गाळ 33, वाळू 33 आली, म्हणजे क्ले लोम. तोटीतून नळी लावून खालून दोन दिवस हळूहळू पाणी चढवलं, वर पाण्याचा पातळ थर चमकायला लागला तेव्हा थांबले. वरचं पाणी कपड्याने टिपून घेतलं, तोंडाला प्लास्टिक बांधलं (बाष्पीभवन नको म्हणून) आणि तोटी उघडली.

पहिल्या काही मिनिटांत 6 लिटर भसकन आलं. ते खडीतलं, म्हणून वेगळं मोजलं. त्यानंतर मात्र थेंब थेंब. पाच दिवसांत मिळून 3.7 लिटर. सहाव्या दिवशी तोटीखालचा पेला कोरडा. पण हात घालून बघितलं तर जाळीच्या वरची माती लोण्यासारखी ओली!

आता मॉडेल. पायथनमध्ये स्वतः लिहिलंय. एकमितीय रिचर्ड्स समीकरण (अर्धवट भरलेल्या मातीतून पाणी कसं सरकतं त्याचं), 1 सेंमीवर नोड (हिशेबाचा बिंदू), व्हॅन गेनुख्तेनचं सूत्र (किती ताणाला मातीत किती पाणी राहतं ते सांगणारं), आणि क्ले लोमसाठी कार्सेल आणि पॅरिश यांच्या 1988 च्या तक्त्यातले आकडे: थीटा-आर (न निघणाऱ्या पाण्याचा हिस्सा) 0.095, थीटा-एस (पूर्ण भरलेल्या मातीतला पाण्याचा हिस्सा) 0.41, वक्राचा आकार ठरवणारे अल्फा 0.019 प्रति सेंमी आणि एन 1.31, के-एस (भरलेली माती पाणी किती वेगाने वाहून नेते) 6.24 सेंमी प्रतिदिन. तळाला फ्री ड्रेनेज. मॉडेल म्हणतं, पाचव्या दिवसापर्यंत सुमारे 6 लिटर, बाराव्या दिवसापर्यंत 8 च्या वर, आणि तरी थांबायचं नाव नाही.

के-एस निम्मा करून बघितला, पाणी उशिरा येतं पण येतच राहतं. आणि दुसरी अडचण: मातीतलं कमी झालेलं पाणी आणि तळातून निघालेलं पाणी जुळत नाही, 9 टक्के फरक पडतो. टाइम स्टेप लहान केली की फरक कमी होतो, पण मग एक रन अर्धा तास चालतो. चूक मोजण्यात आहे, मातीत आहे की माझ्या कोडमध्ये? तीन आठवडे यातच गेले आहेत.

---

नोड_ते_नोड

ताई, मोजमाप चांगलं केलंय. खडीतलं पाणी वेगळं काढलंत, नाहीतर इथेच घोळ झाला असता. चूक कोडच्या एका ओळीत आहे: तळाची बाउंडरी, म्हणजे तळाला दिलेली अट.

फ्री ड्रेनेज म्हणजे आपण समीकरणाला सांगतो, "खाली अशीच माती पुढे खोलवर आहे, पाण्याची पातळी फार लांब आहे, तळाशी पाणी फक्त गुरुत्वाने जातंय." तुमच्या ड्रमखाली माती नाही, खडी आणि हवा आहे. मातीतलं पाणी ताणाखाली असतं, म्हणजे हवेच्या दाबापेक्षा कमी दाबात. कमी दाबातलं पाणी आपण होऊन जास्त दाबाच्या हवेत उतरणार नाही. तळाच्या मातीतला ताण पूर्ण शून्य झाला, ती पूर्ण भरली, तरच थेंब सुटतो. याला सीपेज फेस म्हणतात. हायड्रस-वन-डी या सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय तयार मिळतो. स्वतःच्या कोडमध्ये असं लिहायचं: तळाचा प्रेशर हेड (सेंमीत मोजलेला पाण्याचा दाब; ताण असेल तर ऋण) ऋण असेल तर प्रवाह शून्य. शून्यावर पोचला की हेड शून्याला बांधा आणि प्रवाह समीकरणातून काढा. प्रवाहाची दिशा उलटी, म्हणजे आत यायला लागली, तर परत शून्य-प्रवाह.

घरात भांडी घासायचा स्पंज असेल तर दोन मिनिटांत दिसेल. तो पाण्यात बुडवून तळहातावर आडवा धरा, थेंब पडायचे थांबेपर्यंत हलवू नका. थांबले की तोच स्पंज उभा करा. परत धार लागते. स्पंजही तोच आणि पाणीही तेच, बदलली फक्त उंची. तळाशी ताण शून्य आणि माथ्याशी उंचीएवढा ताण, एवढंच गुरुत्वाला करता येतं. तुमच्या ड्रमची उंची 60 सेंमी, म्हणून पाणी स्थिरावल्यावर माथ्याच्या मातीला फक्त 60 सेंमी ताण मिळतो, मधल्या मातीला 30, तळाला काहीच नाही.

आता तुमचेच आकडे घालून हिशेब करतो. 60 सेंमी ताणाला थीटा, म्हणजे मातीतला पाण्याचा हिस्सा, येतो 0.357. म्हणजे सगळ्यात वरची, सगळ्यात कोरडी माती 0.41 वरून 0.357 वर आली, बस. पूर्ण उंचीची बेरीज केली तर निघालेलं पाणी 1.6 सेंमी भरतं. ड्रमचं क्षेत्रफळ सुमारे 2550 चौ. सेंमी, म्हणजे 4.1 लिटर. तुम्ही मोजलंत 3.7. मातीत होतं मात्र जवळजवळ 63 लिटर. तुमचा ड्रम बरोबर सांगतोय.

पाणी इतकं हळू का येतं, तेही यातच आहे. क्ले लोमचा के-एस 6.24, पण 60 सेंमी ताणाला के (त्या ताणाला पाणी वाहून नेण्याची क्षमता) फक्त 0.1 सेंमी प्रतिदिन, साठावा हिस्सा. मोठी छिद्रं आधी रिकामी होतात, आणि पाणी वाहून नेण्याचं बहुतेक काम तीच करत असतात. म्हणून के-एस निम्मा करून तुमचा प्रश्न सुटला नाही. तळाची अट चुकलेली असताना के-एस फिरवत बसलं की कधीतरी एखाद्या दिवसाचा आकडा जुळतो आणि आपण समाधानाने पुढे जातो. माझं स्वतःचं एक वर्ष असं गेलंय, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

9 टक्क्यांबद्दल: तुम्ही समीकरण हेडच्या रूपात लिहिलंय असं वाटतं, डावीकडे सी गुणिले हेडचा बदल. हा सी म्हणजे थीटा-हेड वक्राचा उतार, आणि वक्र वाकडा आहे. एका टाइम स्टेपमध्ये हेड 5 वरून 20 वर गेला तर उतार कुठला घ्यायचा? कुठल्याही एका जागचा घेतला तरी सी गुणिले बदल हा थीटाच्या खऱ्या बदलाएवढा भरत नाही, आणि तेवढं पाणी कागदावर नाहीसं होतं. सेलिया, बुलूतास आणि झार्बा यांनी 1990 मध्ये यावर साधा उपाय दिला: डावीकडे थीटाच ठेवा, आणि पिकार्ड पद्धतीच्या (उत्तर जुळेपर्यंत समीकरण पुन्हा पुन्हा सोडवायचं) प्रत्येक फेरीत नव्या थीटाचा अंदाज मागच्या फेरीचा थीटा अधिक सी गुणिले हेडमधली सुधारणा असा घ्या. फेऱ्या जुळत आल्या की ती सुधारणा शून्याकडे जाते, सीची चूकही तिच्याबरोबर जाते, आणि उरतो थीटाचा खरा फरक. तुमच्या कोडमध्ये तीन-चार ओळी बदलतील. मग टाइम स्टेप मोठी ठेवलीत तरी चालेल.

---

खरडछाटणी

मी दिंडोरीकडचा, बागायतदार. समीकरणातलं काही कळत नाही, पण खालच्या मुरमाचं सांगतो, कारण वरच्या दादांनी खडीचं जे लिहिलं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

दोन वर्षांपूर्वी वेली पिवळ्या पडायला लागल्या म्हणून बागेत खड्डा घेतला. पाऊस उघडून तिसरा दिवस. वरची वीतभर माती वाफशाला आलेली, हाताला चिकटत नव्हती. खाली जाऊ तशी ओल वाढत गेली, आणि मुरमाच्या अगदी वर चार बोटं माती अशी की लाडू वळावा, दाबली की बोटांच्या मधून पाणी चकाकायचं. त्याच्या खाली टिकाव मारला तर मुरूम फिका, जवळजवळ कोरडा. मी तिथेच बसून राहिलो. आम्ही लहानपणापासून ऐकलेलं की खाली मुरूम असला म्हणजे जमीन निचऱ्याची. मग पाणी मुरमात का उतरलं नाही? पांढरी मुळी त्या चार बोटांत सगळी काळी पडून गेली होती, सोलली की साल हातात यायची.

आणि ताई, मे महिन्यात याच जमिनीत उलटं होतं. भेगा हात जाईल एवढ्या. पाणी सोडलं की भेगेतून थेट खाली जातं, बोद (वेलींच्या ओळीचा उंचवटा) वरून भिजतच नाही. तेव्हा तुमचं मॉडेल कुठल्या महिन्याचं आहे ते आधी ठरवा.

---

हार्टिंग_केसिंग

पाटबंधाऱ्याच्या नोकरीत मातीच्या धरणांवर बत्तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. बेटा, दोनच गोष्टी.

धरणात आम्ही मधे काळ्या मातीचं हार्टिंग घालतो, दोन्ही बाजूंनी मुरमाचं केसिंग. काळी माती पाणी अडवते, मुरूम आलेलं पाणी वाहून नेतो. हे खरं, पण फ्रिएटिक लाईनच्या (धरणाच्या आतल्या पाण्याच्या पातळीच्या रेषेच्या) खाली, जिथे सगळं भरलेलं असतं. लाईनच्या वर गणित उलटं होतं. मुरमाची छिद्रं मोठी, ती आधी रिकामी होतात, आणि रिकाम्या छिद्रातून पाणी जात नाही. त्या ताणाला काळी मातीच मुरमापेक्षा जास्त पाणी वाहून नेते. बागायतदारांनी खड्ड्यात पाहिलं ते हेच, पुस्तकात त्याला कॅपिलरी बॅरियर म्हणतात. आमच्या पिढीने वरच्या भागाचा हिशेब फारसा केला नाही, आमचं लक्ष लाईनच्या खाली होतं. तू करते आहेस, मनापासून बरं वाटलं.

दुसरी गोष्ट, ढेकळं फोडून ड्रममध्ये भरलेली माती आणि बागेतली माती एक नव्हे. मुळांच्या वाटा, गांडुळांची बिळं, ढेकळांमधल्या फटी, सगळं भरताना मोडतं. थीटा-एसमध्ये फार फरक पडणार नाही, के-एसमध्ये मोठा पडेल. तक्त्यातला 6.24 हा सरासरी आकडा आहे, निफाडचा नाही. दोन बांगड्यांची इन्फिल्ट्रोमीटर चाचणी (पाणी जिरायचा वेग मोजायची) शेतातच घे, आणि माती पावसाने फुगलेली असताना घे, उन्हाळ्यात नको. पाणी स्थिर गतीने जिरायला लागेपर्यंत उठू नकोस. काळ्या जमिनीत दुपार जाते.

---

निफाडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पंज करून बघितला. अण्णांनाही दाखवला, त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन तीन वेळा आडवा-उभा केला.

कोड बदललं. सीपेज फेस आणि सेलियांची पद्धत, दोन्ही. आता मॉडेल 4.1 लिटरकडे जाऊन टेकतं आणि पाण्याच्या हिशेबातला फरक 0.1 टक्क्याच्या आत आला. अर्ध्या तासाचा रन वीस सेकंदांवर आलाय.

मग वाटलं, तळाला ताण दिला तर अडकलेलं पाणी निघायला हवं. जाळीच्या जरा वर ड्रमच्या बाजूला ड्रिलने भोक पाडलं, सुती कापडाची पट्टी पिळून वातीसारखी केली, ओली करून वीतभर आत मातीत सरकवली आणि बाहेरचं टोक भोकापासून 40 सेंमी खाली लोंबत सोडलं. भोकाभोवती मेण लावलं. रात्री दहाला काहीच नव्हतं. सकाळी वातीच्या टोकाला थेंब धरलेला, आणि खालच्या पेल्यात पाणी. चोवीस तासांत 150 मिली. तळाची तोटी तेव्हाही कोरडीच होती.

खरडछाटणी दादा, तुमच्या खड्ड्याचं अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आपल्याकडेही असंच असणार, कारण आपल्या वेली दरवर्षी त्याच सखल कोपऱ्यात पिवळ्या पडतात. आता शेताच्या मॉडेलला तळाशी काय अट देऊ? सीपेज फेस की फ्री ड्रेनेज? मुरूम ना हवा आहे ना माती.

---

नोड_ते_नोड

वातीचा प्रयोग सुरेख. पाणी मोजायच्या लायसिमीटरमध्येही फायबरग्लासची वात अशीच लावतात, नेमक्या याच कारणासाठी.

शेताला दोन्हीपैकी एकही अट काळ्या मातीच्या तळाशी लावू नका. मुरूमच मॉडेलमध्ये घ्या: 75 सेंमी काळी माती, खाली मीटरभर मुरूम, आणि फ्री ड्रेनेज मुरमाच्या तळाला. मग बॅरियर आपोआप उभा राहतो: वरच्या मातीतला ताण अगदी थोड्या सेंमींवर येईपर्यंत मुरूम पाणी घेत नाही, आणि घ्यायला लागला की भराभर घेतो. सांध्याजवळ नोड 1 सेंमीवर ठेवू नका, पाव सेंमीवर आणा, दोन्ही बाजूंना. दोन नोडमधला के कसा काढता तेही तपासा. काळ्या मातीचा आणि मुरमाचा के हजार पटींनी वेगळे असू शकतात. भूमितीय सरासरी आणि साधी सरासरी यांनी सांध्यावरचा प्रवाह अगदी निराळा येतो. पाव सेंमीवर दोन्ही उत्तरं जवळ येतात का बघा, येत नसतील तर नोड अजून बारीक करा. मुरमासाठी तक्त्यात आकडा शोधू नका, तो तक्ता मातीचा आहे. मुरूम चाळून त्याची ताण-ओलाव्याची वक्ररेषा मोजा, निदान कमी ताणाची, 50 सेंमीपर्यंतची.

पुढे सखल कोपऱ्यातली भारी माती घ्याल तेव्हा एक खड्डा येणार आहे, आत्ताच सांगतो. तक्त्यात क्लेसाठी एन 1.09 आहे. एन असा 1 च्या जवळ आला की के भरल्या मातीपाशी कड्यासारखा कोसळतो. अल्फा 0.008 घेऊन काढून बघा: फक्त 2 सेंमी ताणाला के दहाव्या हिश्श्यावर येतो. पिकार्ड तिथे फेऱ्या मारत राहतं आणि जुळत नाही. यावर उपाय म्हणून वक्राला 2 सेंमीचा एअर एंट्री हेड देतात, म्हणजे तेवढ्या ताणापर्यंत माती भरलेलीच धरायची. हायड्रसमध्येही तो पर्याय आहे. थीटाचा वक्र त्याने फारसा बदलत नाही, पण भरल्या मातीजवळचा के बराच बदलतो, म्हणून तो घेऊन आणि न घेऊन उत्तर किती बदलतं ते तपासा. कोड मात्र चालतं.

भेगांचं दादांनी बरोबर पकडलं. रिचर्ड्स समीकरण माती न आकसणारी, न फुगणारी धरून चालतं. मे महिन्यासाठी ढेकूळ आणि भेग असे दोन स्वतंत्र प्रवाह लागतात. गेर्के आणि व्हॅन गेनुख्तेन यांचं 1993 चं दुहेरी मॉडेल त्यासाठी आहे. पण तुमचा प्रश्न ऑक्टोबरचा आहे, चार महिने भिजून माती फुगलेली, भेगा मिटलेल्या. या प्रोजेक्टपुरतं एकाच प्रवाहावर थांबा. उन्हाळ्याचा मोह आत्ता नको.

वाफशाला आकडा कुठला द्यायचा, हे मात्र मी सांगू शकत नाही. तो अण्णांच्या मुठीतून काढावा लागेल.

---

निफाडची_लेक

तेच ठरवलंय सर. चार टेन्शिओमीटर (मातीतल्या पाण्याचा ताण मोजायचं उपकरण) मिळालेत. सेंटिबारमध्ये वाचतात, 1 सेंटिबार म्हणजे साधारण 10 सेंमी ताण. या पावसाळ्यात रोज पहाटे अण्णा मूठ दाबून 'आहे' किंवा 'नाही' सांगतील आणि मी त्याच मिनिटाला आकडा लिहीन. एक 20 सेंमीवर लावते, एक 70 वर, मुरमाच्या जरा वर. उरलेले दोन सखल कोपऱ्यात. बोदात लावू की चारीत (दोन बोदांमधल्या वाटेत)?

---

खरडछाटणी

वरचा चारीत लाव ताई, ट्रॅक्टरचं चाक जिथून जातं त्याच्या शेजारी. वाफसा तिथलाच बघायचा असतो, माती दाबलेली असल्याने तिथे तो सगळ्यात उशिरा येतो. खालचा बोदात, खोडापासून हातभर, मुळी तिथे असते. आणि लावताना भोकात तीच माती पाण्यात कालवून ओत, नाहीतर सिरॅमिकच्या टोकाभोवती हवा राहते आणि आकडा हलतच नाही. मी पहिल्या वर्षी तसाच लावला होता, महिनाभर काटा शून्यावर.